ब्रेक-स्विचचा दोषसंकेत : एका यांत्रिक नोंदीची साधनचिकित्सा

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला साधनचिकित्सा नवीन नाही. एखादा कागद हाती आला की तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कशाची नोंद घेण्याचे लिहिणाऱ्यावर बंधन होते आणि कशाविषयी तो गप्प राहिला, हे प्रश्न आधी विचारले जातात. मजकुरावर विश्वास नंतर ठेवला जातो. यंत्रे जी नोंद ठेवतात तिच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी सहसा बाळगली जात नाही. यंत्र खोटे बोलत नाही, अशी समजूत सुशिक्षित वर्गातही रूढ आहे. यंत्र खोटे बोलत नसेलही; पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे, हे पाहिल्याशिवाय त्या उत्तराचा अर्थ लागत नाही.

प्रस्तुत लेखात अशा एका नोंदीचा विचार केला आहे. अमेरिकेत १९९६ नंतर विकल्या गेलेल्या एखाद्या जुन्या मोटारीला स्कॅनर जोडला असता पडद्यावर कधी कधी ‘पी०५७१’ हा संकेत उमटतो. ब्रेक-स्विच ‘ए’च्या परिपथात दोष आहे, एवढाच त्याचा प्रमाणित अर्थ. गाडीचा मालक मात्र तो ‘ब्रेक-स्विच बिघडला’ असा वाचतो. स्विच स्वस्त असतो. तो बदलला जातो, संकेत पुसला जातो आणि काही दिवसांनी तोच संकेत पुन्हा हजर होतो. ‘परिपथात दोष आहे’ आणि ‘स्विच बिघडला आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत. त्यांच्यातील अंतर समजून घ्यायचे तर हा संकेत कोणत्या गरजेतून आणि कोणत्या कायद्याच्या पोटी जन्माला आला, हे पाहावे लागते. हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. ज्या दिव्याच्या भरवशावर मागून येणारा चालक आपला वेग कमी करतो, त्या दिव्याशी या स्विचचा संबंध आहे.

दिव्याचा स्विच

मूळात ब्रेक-स्विचला एकच काम होते : चालकाने ब्रेक दाबला की मागचा तांबडा दिवा लावणे. १९५० व १९६० च्या दशकांतील अनेक ब्रिटिश व अमेरिकन गाड्यांत हा स्विच पेडलजवळ नसून ब्रेक-तेलाच्या नळीत बसवलेला असे. तेलाचा दाब वाढला की आतील पडदा ढकलला जाई आणि विद्युत-संपर्क जुळे. या रचनेत दोन उणिवा होत्या. दाब पुरेसा वाढेपर्यंत दिवा लागत नसे. आणि स्विच गळू लागला तर ब्रेकचे तेलच बाहेर पडे. पुढे स्विच पेडलच्या दांड्यापाशी आला. येथे एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. पेडल मोकळे असते तेव्हा स्विचचा खुंट दाबलेला असतो, आणि पेडल दाबले की खुंट सुटून बाहेर येतो व संपर्क जुळतो. म्हणजे ब्रेक दाबणे म्हणजे स्विच सोडणे होय. हा उलटा व्यवहार ध्यानात नसेल तर जुन्या गाडीतील एक अगदी नेहमीचा बिघाड उलगडत नाही; त्याचा उल्लेख पुढे येईल.

स्विचवर पडणारा भार वरवर क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. २१ वॅटचा एक दिवा १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. तीन दिवे मिळून सव्वापाच अँपिअर. दिव्याची तार थंड असताना तिचा रोध फार कमी असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी याच्या कित्येक पट प्रवाह वाहून जातो. शहरातील वाहतुकीत दिवसाकाठी शेकडो वेळा हे घडते. संपर्कबिंदूंवर ठिणग्या पडतात, काजळी धरते, धातू झिजतो.

तिसरा दिवा आला तो एका प्रयोगातून. जॉन व्होएवॉड्स्की या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सॅन फ्रान्सिस्कोतील ३४३ टॅक्सींच्या मागे मध्यभागी एक जास्तीचा दिवा बसवला आणि दिवा नसलेल्या टॅक्सींशी तुलना केली. मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे त्याने १९७४ मध्ये नोंदवले. १९८६ च्या मॉडेल-वर्षापासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना आणि १९९४ पासून हलक्या ट्रकांना मागच्या काचेजवळचा हा दिवा सक्तीचा झाला. सर्वांनाच तो मिळाल्यावर त्याचे नावीन्य ओसरले; १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासकीय मूल्यमापनात दीर्घकालीन घट ४.३ टक्के आढळली. साठवरून चारवर आलेला हा आकडा पाहून उपाय फसला असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. इतक्या स्वस्त उपायाने इतक्या गाड्यांवर मिळालेली चार टक्के घट ही मोठीच गोष्ट आहे.

एका स्विचचे अनेक धनी

पेडल हलले ही माहिती इतरांनाही हवी आहे, हे प्रथम क्रूझ कंट्रोलमुळे स्पष्ट झाले. चालकाने पाय उचलला तरी ठरावीक वेग राखणारी ही यंत्रणा राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याच्या नावाशी जोडलेली आहे. वयाच्या पाचव्या वर्षी अपघातात दृष्टी गमावलेला हा गृहस्थ पुढे १९३६ मध्ये सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स या संस्थेचा अध्यक्ष झाला. १९५० मध्ये त्याला वेगनियंत्रकाचे पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत ही सोय आली. वेग आपोआप राखणारे यंत्र ब्रेक दाबताच निमूटपणे बाजूला झाले पाहिजे, ही त्याची पहिली अट. म्हणून पुढील काळातील अनेक गाड्यांत पेडलपाशी दुहेरी व्यवस्था असे : एक विद्युत-स्विच आणि शिवाय निर्वात मोकळा करणारी एक झडप. एक फसले तर दुसरे आहे, असा हिशेब.

दुसरा धनी स्वयंचलित गिअरपेटी हा होय. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये इंधन-बचतीचा कायदा केला आणि त्याची मानके १९७८ च्या मॉडेल-वर्षापासून लागू झाली. त्याच वर्षी क्रायस्लरने टॉर्क कन्व्हर्टर घट्ट जखडून टाकणारा क्लच आणला. जनरल मोटर्सने १९८० च्या सुमारास तेच केले. तेलातील घसरण थांबल्याने इंधन वाचे. परंतु गाडी थांबताना तो क्लच सुटला नाही तर इंजिन बंद पडते, म्हणून त्याच्या झडपेचा वीजपुरवठा ब्रेक-स्विचमधून नेलेला असे. थांब्यावर इंजिन बंद पडण्याची तक्रार घेऊन आलेल्या गाडीत दोष पेडलखाली सापडे, तो असा.

यानंतर धनी वाढतच गेले. १९८० च्या दशकात गाड्या आपोआप वेग घेतात या तक्रारींवरून मोठे वादंग झाले. अमेरिकेच्या महामार्ग-सुरक्षा प्रशासनासाठी १९८९ मध्ये झालेल्या अभ्यासात अशा बहुसंख्य प्रसंगी चालकाचा पाय चुकीच्या पेडलवर पडला असावा, असे मत मांडले गेले. त्याच काळात ब्रेक दाबल्याशिवाय गिअरचा दांडा ‘पार्क’मधून न हलण्याची व्यवस्था रुळली. पुढे तारेऐवजी विद्युत-संदेशाने चालणारा थ्रॉटल, स्थिरता-नियंत्रण आणि बटनाने इंजिन सुरू करण्याची सोय आली. या सर्वांना ब्रेकची खबर लागते. २०१३ मध्ये ह्युंदाई व किआ या कंपन्यांनी स्विचच्या दोषापायी अमेरिकेत सुमारे १७ लाख गाड्या परत बोलावल्या, तेव्हा दिवा न लागणे, क्रूझ कंट्रोल न सुटणे, बटनाने इंजिन सुरू न होणे आणि दांडा अडकणे किंवा अडवूनही सुटणे, असे परस्परांशी संबंध नसलेले परिणाम एकाच पत्रकात आले होते.

धुरक्यातून घडलेली भाषा

इतक्या महत्त्वाच्या स्विचवर देखरेख ठेवणारा संकेत सुरक्षेच्या कायद्यातून आला असेल, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती निराळी आहे. दोषसंकेतांची प्रमाणित भाषा ब्रेकच्या चिंतेतून नव्हे, तर लॉस एंजेलिसच्या धुरक्यातून घडली.

१९४३ च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारे दाट धुरके उतरले. ते नेमके कशाने होते हे समजायला काही वर्षे गेली. कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेतील आरी हागेन-स्मित या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की वाहने व तेलशुद्धीकरण कारखाने यांतून सुटणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकमेकांवर क्रिया करतात व त्यातून धुरके तयार होते. १९६७ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात हवा-संसाधन मंडळ स्थापन झाले. हागेन-स्मित त्याचे पहिले अध्यक्ष. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर १९७५ च्या गाड्यांत उत्प्रेरक परिवर्तक आले, आणि त्यांना जपण्यासाठी इंधनाचे प्रमाण काटेकोर राखणे भाग पडले. ते काम संगणकाकडे गेले.

संगणक आला तशी त्याच्या स्वतःच्या नोंदीही आल्या. जनरल मोटर्सच्या १९८१ नंतरच्या गाड्यांत डॅशबोर्डखालील जोडणीची दोन टोके कागदाला लावायच्या साध्या टाचणीने जोडली की इशारा-दिवा लुकलुकू लागे; आधी एक आणि मग दोन लुकलुकी म्हणजे संकेत १२, यंत्रणा बोलू शकते आहे. प्रत्येक कंपनीची बोली मात्र वेगळी. फोर्डच्या त्या काळातील प्रणालीत एक चाचणी इंजिन चालू ठेवून करावी लागे, आणि त्या दरम्यान मेकॅनिकने एकदा ब्रेक दाबणे अपेक्षित असे. तो विसरला तर ब्रेक-परिपथाचा संकेत उमटे : जुन्या दोन अंकी यादीत ७४, नंतरच्या तीन अंकी यादीत ५३६. गाडी निर्दोष, विसरभोळेपणा परीक्षकाचा, आणि नोंद मात्र गाडीच्या नावावर. ब्रेक ऑन-ऑफ या शब्दांचे फोर्डने केलेले लघुरूप ‘बू’ असे वाचले जाई, हा योगायोगही मजेचाच. कोणत्याही साधनाच्या निर्मितीत निरीक्षकाचा हात किती खोलवर गेलेला असू शकतो, याचे याहून सुबोध उदाहरण मिळणे कठीण.

कॅलिफोर्नियाच्या मंडळाने १९८५ मध्ये पहिला नियम केला. १९८८ च्या मॉडेल-वर्षापासून गाडीने आपल्या प्रदूषण-नियंत्रण यंत्रणेतील दोष स्वतः ओळखून दिवा लावावा, असे बंधन आले. १९८९ मध्ये दुसऱ्या पिढीचा, म्हणजे ओबीडी-२ चा, नियम संमत झाला. १९९० च्या दुरुस्तीने संघराज्याचा कायदाही त्याला येऊन मिळाला, आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत सोळा टोकांची एकच जोडणी व एकच संकेतभाषा आली. ती भाषा लिहिली सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्सने. टीटर एकेकाळी जिचा अध्यक्ष होता तीच ही संस्था. दुरुस्तीसाठी लागणारी माहिती स्वतंत्र मेकॅनिकला मिळालीच पाहिजे, हे तत्त्वही १९९० च्या त्याच कायद्यात होते. ते प्रत्यक्षात उतरायला वेळ लागला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कौल दिला आणि त्यानंतर २०१४ मध्ये उत्पादकांनी देशभरासाठी करार केला.

संकेताचे व्याकरण

पी०५७१ मधील पहिले अक्षर इंजिन व गिअरपेटी यांचा विभाग दर्शवते. पुढचे शून्य म्हणजे हा संकेत सर्व कंपन्यांना समान आहे. त्यानंतरचा ५ वेगनियंत्रण व इंजिनाचा मंद वेग यांचा गट सांगतो. मूळ यादीत या संकेताच्या नावात ‘क्रूझ कंट्रोल’ हे शब्दही होते. पी०५७२ म्हणजे त्याच परिपथात व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी, पी०५७३ म्हणजे अधिक. ब्रेक-स्विच ‘बी’चा संकेत पी०७०३ मात्र ७ च्या, म्हणजे गिअरपेटीच्या गटात आहे आणि त्याच्या नावात टॉर्क कन्व्हर्टर येतो. एकाच पेडलपाशी बसलेल्या स्विचची नोंद दोन निरनिराळ्या दप्तरांत पडली, आणि दोन्ही दप्तरे ब्रेकची नव्हेत. स्विचच्या दोन जुन्या धन्यांची नावे या क्रमांकांत जणू गोठून राहिली आहेत. दोन्ही संपर्क परस्परविरोधी बोलत असल्याचे सांगणारा पी०५०४ नंतरच्या आवृत्त्यांत रुळला.

प्रदूषणाच्या नियमात ब्रेक-स्विचला जागा मिळाली, याचे कारण या व्याकरणातच आहे. ज्या संदेशाचा उत्सर्जनावर परिणाम होतो, किंवा जो संदेश दुसऱ्या एखाद्या पडताळणीसाठी वापरला जातो, त्यावर संगणकाने लक्ष ठेवावे, असा नियमाचा आशय. ब्रेकचा संदेश क्लच सोडतो, क्लचचा इंधनाशी संबंध आहे. इतक्या आडवाटेने तो यादीत आला. मागचा दिवा प्रत्यक्ष लागला की नाही, हा त्या नियमाचा प्रश्नच नव्हता. म्हणूनच १९९० च्या दशकातील गाडीत मागचे तिन्ही दिवे विझलेले असताना संगणक समाधानी असू शकतो. आणि उलट, तिन्ही दिवे लखलखीत लागत असताना पी०५७१ उमटू शकतो. अनेक गाड्यांत तर या संकेतासोबत इंजिनाचा इशारा-दिवाही लागत नाही. क्रूझ कंट्रोल चालेनासा झाला म्हणून स्कॅनर लावला, तेव्हा तो सापडतो.

संगणक हा दोष ओळखतो तरी कसा? त्याला पेडल दिसत नाही. त्याला एका तारेवरचे व्होल्टेज दिसते आणि ते इतर माहितीशी जुळते का, एवढेच तो पाहतो. गाडी वेगात गेली, थांबली, पुन्हा गेली, पुन्हा थांबली आणि एवढ्यात ब्रेकची तार एकदाही बदलली नाही, तर काही प्रणाली त्यावरून संशय घेतात. पुष्कळ संकेत पहिल्या फेरीत तात्पुरते नोंदले जातात व दुसऱ्या फेरीत तेच घडले तरच पक्के होतात. सारांश, संकेत हे निरीक्षण नसून अनुमान आहे. अनुमान बरोबर असते तेव्हाही ते विसंगतीविषयी असते, वस्तूविषयी नसते.

जुन्या वाहनातील निदान

जाणता मेकॅनिक म्हणूनच स्कॅनरवर थांबत नाही. कोणीतरी पेडल दाबावे आणि दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे, ही सर्वांत जुनी परीक्षा अजूनही पहिली आहे. अमेरिकन गाड्यांत या परीक्षेला एक खास अर्थ येतो. त्यांपैकी पुष्कळांत खालचे दोन ब्रेक-दिवे व वळणाचे दिवे एकाच तंतूवर चालतात, त्यामुळे ब्रेकचा प्रवाह सुकाणूच्या दांड्यावरील वळण-स्विचमधून जातो. तिसऱ्या दिव्याला मात्र तो ब्रेक-स्विचकडून थेट मिळतो. वरचा दिवा लागतो आणि खालचे दोन लागत नाहीत, असे दिसले तर ब्रेक-स्विच जवळपास निर्दोष सुटतो आणि संशय वळण-स्विचवर जातो. ही माहिती कोणताही संकेत देत नाही.

मग स्कॅनरवरची चालू माहिती पाहावी. पेडल सावकाश दाबताना दोन संपर्कांनी आपापली स्थिती उलटी केली पाहिजे : दिव्याचा जुळला पाहिजे, क्रूझचा तुटला पाहिजे. एक बदलला आणि दुसरा अडला, किंवा पेडल तिरके दाबले असता घोटाळला, तर पी०५०४ सारख्या नोंदीचे मूळ तेथे असू शकते. स्विचवर एका टोकाला फ्यूजमधून आलेली वीज सतत असावी लागते. तीच नसेल तर स्विचला दोष देण्यात अर्थ नाही. फ्यूज का उडाला हे शोधावे, आणि डिकीच्या झाकणाच्या बिजागरीपाशी वर्षानुवर्षे वाकून तुटलेली तार हे त्याचे नेहमीचे कारण होय.

येथे मल्टिमीटर फसवू शकतो. तो स्वतः जवळजवळ प्रवाह घेत नाही. म्हणून काजळलेल्या संपर्कातूनही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. त्याच संपर्काचा रोध अर्धा ओहम असेल आणि त्यातून दिव्यांचे पाच अँपिअर जात असतील, तर अडीच व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि दिवे मलूल होतात. म्हणून माप भार असतानाच घ्यावे. जुन्या मेकॅनिकच्या हातातील साधा टेस्ट लॅम्प या कामी महागड्या मीटरहून प्रामाणिक ठरतो, याचे कारण तो थोडा तरी प्रवाह मागतो.

दिव्यांची बाजूही तपासावी लागते. दुहेरी तंतूच्या दिव्याचा अर्थ गंजला असेल तर मागच्या दिव्याचा प्रवाह परतीची वाट न मिळाल्याने ब्रेकच्या तंतूतून उलटा शिरतो, आणि रात्री दिवे लावताच संगणकाला ब्रेक दाबल्याचा भास होऊ शकतो. फोर्डच्या काही प्रणालींत याहून चमत्कारिक गोष्ट आढळते : संगणकाची ब्रेकची तार दिव्यांच्या तंतूंमधून अर्थशी जोडलेली राहते. सर्व दिवे उडाले की ती तार मोकळी पडते, व्होल्टेज वर जाते आणि संगणक ब्रेक दाबला आहे असे मानतो. त्या ठिकाणी जुन्या तंतूच्या दिव्यांऐवजी एलईडी बसवले तरी घोटाळा होऊ शकतो. बिघाड गाडीच्या एका टोकाला आणि आरोप दुसऱ्या टोकाच्या स्विचवर.

आता उल्लेख राहिलेल्या त्या नेहमीच्या बिघाडाकडे वळता येईल. पेडलच्या दांड्यावर, स्विचच्या खुंटासमोर, अनेक गाड्यांत रबराची किंवा प्लॅस्टिकची एक बारीकशी गुंडी असते. पंधरा-वीस वर्षांत ती ठिसूळ होऊन चुरते. गुंडी गेली की पेडल मोकळे असतानाही खुंट त्या भोकातून बाहेर येतो. स्विचला वाटते ब्रेक दाबला आहे. दिवे रात्रभर जळतात, सकाळी बॅटरी उतरलेली असते, आणि चटईवर प्लॅस्टिकचे दोन-चार तुकडे पडलेले असतात. त्या तुकड्यांना पुराव्याचा मान क्वचितच मिळतो. ते झाडून टाकले जातात आणि नवा स्विच मागवला जातो. नव्या स्विचचीही एक अट असते. स्वतःचे अंतर स्वतः जुळवणारे स्विच पेडलच्या ठरावीक स्थितीतच बसवावे लागतात, आणि काही प्रकार एकदाच जुळतात. घाईने बसवलेला नवा स्विच जुनाच संकेत परत आणतो, तो त्यामुळे.

दुरुस्तीपूर्वीच संकेत पुसून टाकण्याची पद्धत मात्र कोणत्याही अर्थाने समर्थनीय नाही. काही संकेतांसोबत त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान अशी माहिती साठवलेली असते; पुसताना तीही जाते. कागदाचा अर्थ लागला नाही म्हणून तो फाडून टाकण्यासारखाच हा प्रकार.

दोन प्रकरणे

नोंद आणि दोष यांतील फारकत किती दूर जाऊ शकते, हे अमेरिकेतील दोन प्रकरणांवरून दिसते. दोन्ही प्रकरणे एकमेकांच्या उलट आहेत.

पहिले फोर्डचे. क्रूझ कंट्रोल सोडवण्यासाठी दुहेरी सुरक्षा म्हणून या कंपनीने अनेक गाड्यांत ब्रेकच्या मास्टर सिलिंडरजवळ तेलाच्या दाबाने चालणारा एक जास्तीचा स्विच बसवला होता. म्हणजे कधीकाळी मागे पडलेली नळीतील स्विचची कल्पना नव्या कामासाठी परत आली, आणि गळतीचा जुना धोकाही तिच्यासोबत आला. आतील पातळ पडद्याला कालांतराने भेगा पडत, ब्रेकचे तेल विद्युत-संपर्कांच्या बाजूला झिरपे, गंज चढे; आणि किल्ली काढल्यावरही या स्विचला वीज मिळत राहत असल्याने उभ्या गाडीला आग लागे. १९९९ ते २००९ या काळात टप्प्याटप्प्याने एक कोटी चाळीस लाखांहून अधिक गाड्या परत बोलावाव्या लागल्या. यात ध्यानात घेण्याची बाब अशी की पडद्यातून तेल झिरपणे ही घटना कोणत्याच संकेताच्या व्याख्येत बसत नव्हती, आणि बंद गाडीत तिची दखल घेणारा संगणकही जागा नव्हता. दोष होता, नोंद नव्हती.

दुसरे प्रकरण जनरल मोटर्सचे. २००४ ते २०१२ या मॉडेल-वर्षांतील शेव्हरोलेट मालिबू, पॉन्टिअ‍ॅक जी-६ आणि सॅटर्न ऑरा या गाड्यांत ब्रेक न दाबता दिवे लागत, तर कधी दाबूनही लागत नसत; क्रूझ कंट्रोल सुरू होत नसे किंवा सुटायला अडत असे; स्थिरता-नियंत्रण बंद पडे. येथे साध्या स्विचच्या जागी पेडलची स्थिती मोजणारा संवेदक होता, आणि संशय साहजिकच त्याच्यावर जाई. प्रत्यक्षात दोष होता गाडीच्या अंतर्भागाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाच्या जोडणीत. कंपनाने धातूची टोके एकमेकांवर सूक्ष्म घासली जात, त्यावर गंजाचा थर बसे, रोध वाढे आणि संवेदकाकडून आलेले व्होल्टेज बदलून पोहोचे. २००९ मध्ये कंपनीने सुमारे ८,००० गाड्या बोलावल्या. २०१४ मध्ये ती संख्या सुमारे २४ लाख ४० हजारांवर गेली. उपाय म्हणून जोडणीला संरक्षक वंगण लावले गेले, तारांचा जुडगा हलू नये अशी तजवीज केली गेली आणि पेडलची मूळ स्थिती संगणकाला पुन्हा शिकवली गेली. या दोषापायी ज्यांनी आधीच नवा संवेदक बसवून घेतला असेल, त्यांचा खर्च निर्दोष भागावर झाला. आठ हजार आणि चोवीस लाख या दोन आकड्यांमध्ये गेलेली पाच वर्षे मात्र केवळ तांत्रिक अज्ञानाची मानता येत नाहीत. दोष कोठे आहे हे कंपनीला २००९ मध्ये उमगले होते. तो किती गाड्यांत आहे, हे मान्य होण्यास २०१४ उजाडले.

भारतीय संदर्भ

युरोपात पेट्रोलच्या नव्या मोटारींना ही पद्धत २००१ पासून लागू झाली. भारतात ती केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या चौकटीत आणि येथेही प्रदूषणाच्याच वाटेने आली. १ एप्रिल २०१० रोजी राजधानी परिसरासह तेरा शहरांत भारत स्टेज-४ मानके लागू झाली. त्यांत मुंबई, पुणे व सोलापूर ही महाराष्ट्रातील शहरे होती. ओबीडीचा पहिला टप्पा त्याच दिवशी आणि दुसरा १ एप्रिल २०१३ पासून आला. वाहनांच्या मान्यतेसाठी चाचण्या घेणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया पुण्यातच आहे.

यामुळे महाराष्ट्रातील रस्त्यांवरच्या जुन्या गाड्यांचे तीन थर पडतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत ब्रेक-स्विच केवळ दिव्याचा आहे, आणि त्याची परीक्षा डोळ्यांनीच करावी लागते. २००० च्या सुमारास इंधन-फवाऱ्याच्या गाड्या आल्या तेव्हापासून पहिल्या नियमापर्यंतच्या काळातील गाडी संकेत देतेही, पण अनेकदा कंपनीच्या स्वतःच्या बोलीत. गल्लीतल्या गॅरेजचा सर्वसाधारण स्कॅनर तेथे मुका राहू शकतो. त्यानंतरच्या गाडीत पी०५७१ किंवा पी०५०४ हे सर्वांना वाचता येतात. या तिसऱ्या थरातील पहिल्या गाड्यांनी आता पंधरा वर्षे ओलांडली आहेत, आणि पेडलच्या दांड्यावरील त्या बारीक गुंडीचे आयुष्यही साधारण तेवढेच असते.